सॉफ्टबॉलमधील कॅचरचा हात : दुखापत, संरक्षण आणि पुनर्वसन यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

सॉफ्टबॉलच्या मैदानावर क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ खेळाडूंपैकी आठ जण बॅटरकडे तोंड करून उभे असतात. कॅचर मात्र बॅटरच्या मागे, होम प्लेटजवळ बसून संपूर्ण मैदान डोळ्यांसमोर ठेवतो. पिचरला खुणा करणे, प्रत्येक चेंडू अडवणे आणि बेस चोरू पाहणाऱ्या धावपटूस बाद करण्यासाठी चेंडू वेगाने फेकणे ही त्याची कामे होत. इतर क्षेत्ररक्षकांच्या वाट्याला एखाद्या सामन्यात मोजकेच चेंडू येतात. कॅचरला मात्र बॅटरने न टोलवलेला प्रत्येक चेंडू हाताळावा लागतो. त्यामुळे या खेळातील हाताच्या दुखापतींचा विचार कॅचरपासून सुरू होणे स्वाभाविक आहे.

क्रिकेटशी परिचित असलेल्या वाचकास कॅचर हा यष्टिरक्षकासारखा वाटेल. परंतु या दोघांत एक मूलभूत भेद आहे. यष्टिरक्षकाचे दोन्ही हात मोज्यांत सुरक्षित असतात. कॅचरच्या एकाच हातात मिट असते आणि चेंडू फेकायचा हात उघडा असतो. या उघड्या हाताचे रक्षण कसे करावे आणि तो जायबंदी झाल्यास पुन्हा खेळण्याजोगा कसा करावा, या प्रश्नाला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) कॅचरच्या हाताच्या संरक्षक साधनांचा विकास तपासणे, (२) हाताच्या दुखापतींचे निदान व उपचार यांतील टप्पे स्पष्ट करणे, आणि (३) शाळा-महाविद्यालयातील तरुण कॅचरच्या पुनर्वसनाच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे. सॉफ्टबॉल हा बेसबॉलमधून उगम पावलेला खेळ असल्याने विवेचनाचा प्रारंभ बेसबॉलपासून करणे क्रमप्राप्त आहे.

१. उघड्या हाताचा कालखंड :

अमेरिकेत १८६० च्या दशकापर्यंत बेसबॉलचा कॅचर बॅटरच्या बराच मागे उभा राहत असे आणि पुष्कळदा चेंडू टप्पा पडल्यानंतर अडवीत असे. पिचरचा वेग वाढला, चेंडू हवेत वळवण्याचे कौशल्य विकसित झाले, तसा कॅचर पुढे सरकत गेला. संरक्षक साधने मात्र त्याच गतीने आली नाहीत. उघड्या हातांनी वेगवान चेंडू झेलणे हे मर्दुमकीचे लक्षण मानले गेले. संशोधक पीटर मॉरिस यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या काळातील कॅचर अमेरिकन समाजात लोकनायक कसा बनला, याची चिकित्सा केली आहे. वेदना न दाखवता उभा राहणारा माणूस ही त्या लोकनायकाची ओळख होती.

अशा वातावरणात हातमोजा घालणे म्हणजे दुबळेपणाची कबुली ठरे. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या पहिल्या उघडपणे व्यावसायिक असलेल्या संघाचा कॅचर डग अ‍ॅलिसन याने १८७० मध्ये जखमी हाताच्या रक्षणासाठी हरणाच्या कातड्याचे हातमोजे वापरल्याची नोंद आढळते. १८७५ मध्ये चार्ल्स वेट या खेळाडूने कातडीच्या रंगाचा हातमोजा घातला होता. तो प्रेक्षकांच्या लक्षात येऊ नये, हा त्या रंगामागील हेतू होता, असे अल्बर्ट स्पॉल्डिंग यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. पुढे १८७७ मध्ये स्पॉल्डिंग यांनी स्वतः काळा हातमोजा उघडपणे वापरला. नावाजलेल्या खेळाडूनेच तो वापरल्याने इतरांचा संकोच कमी झाला. स्पॉल्डिंग क्रीडासाहित्याचे व्यापारीही असल्याने या घटनेस व्यापारी बाजूही होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चेहऱ्याच्या रक्षणासाठी हार्वर्ड विद्यापीठातील फ्रेडरिक थेयर यांनी तयार केलेल्या जाळीच्या मुखवट्याला १८७८ मध्ये पेटंट मिळाले. मुखवट्यामुळे कॅचर बॅटरच्या अधिक जवळ बसू लागला. चेहरा वाचला, हातावरील भार मात्र वाढला. १८८४ मध्ये नॅशनल लीगने खांद्यावरून चेंडू टाकण्यास मुभा दिल्यानंतर हा भार आणखी वाढला. सिल्व्हर फ्लिंट या कॅचरविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. रेल्वे अपघातानंतर डॉक्टर त्याची वेडीवाकडी बोटे पाहून ती बसवू लागले, तेव्हा ही मोडतोड अपघाताची नसून खेळातील जुनी आहे, असे त्याला सांगावे लागले. आख्यायिकेतील तपशील खरा असो वा नसो, त्या काळी कॅचरचा हात कसा असे याची समाजमनातील प्रतिमा तीतून स्पष्ट होते.

गादीसारखी जाड मिट १८८० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिच्या श्रेयाविषयी मतभेद आहेत. कॅन्सस सिटीच्या जो गन्सन याने १८८८ मध्ये बोटाला दुखापत झालेली असताना खेळता यावे म्हणून जुन्या हातमोज्याची बोटे एकत्र शिवून त्यावर भरणा केला, असे सांगितले जाते. हॅरी डेकर याला १८८९ मध्ये अशाच साधनाचे पेटंट मिळाले. १८९५ च्या नियमांनी इतर खेळाडूंच्या हातमोज्यांच्या आकारावर व वजनावर मर्यादा घातली. कॅचर व पहिल्या बेसवरील खेळाडू यांना त्यातून वगळले. कॅचरच्या हाताला विशेष संरक्षणाची गरज आहे, हे या सवलतीने नियमांच्या पातळीवर मान्य झाले.

२. सॉफ्टबॉल आणि ‘मऊ’ चेंडूचा गैरसमज :

सॉफ्टबॉलचा उगम १८८७ मध्ये शिकागो येथील फॅरागट बोट क्लबमध्ये झाला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जमलेल्या तरुणांनी बॉक्सिंगचा हातमोजा काठीने टोलवण्यास आरंभ केला आणि जॉर्ज हॅन्कॉक यांनी त्यातून बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ रचला. त्यासाठी वापरलेला चेंडू मोठा व मऊ होता. तो उघड्या हातांनी झेलणे शक्य होते. १८९५ मध्ये मिनियापोलिस येथे अग्निशमन दलातील लुईस रोबर यांनी सहकाऱ्यांच्या व्यायामासाठी हा खेळ मैदानावर नेला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ मध्ये वॉल्टर हॅकन्सन यांनी सुचवले. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने मोठी स्पर्धा भरली आणि त्यानंतर नियमांचे एकसूत्रीकरण झाले. शिकागोत १६ इंच परिघाच्या चेंडूने हातमोज्याविना खेळण्याची परंपरा आजही टिकून आहे. अन्यत्र मात्र १२ इंची, टणक चेंडूचा खेळ रूढ झाला.

नाव ‘सॉफ्ट’ राहिले. चेंडू तसा राहिला नाही. बेसबॉलच्या चेंडूचे वजन ५ ते ५.२५ औंस असते, तर १२ इंची सॉफ्टबॉलचे ६.२५ ते ७ औंस. म्हणजे कॅचरच्या हातावर आदळणारा चेंडू आकाराने मोठा आणि वजनाने अधिक असतो. महिलांच्या वेगवान प्रकारात पिचर ४३ फुटांवरून, हात खालून चक्राकार फिरवून चेंडू टाकते. ताशी ९६ किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदात कापतो आणि आंतरराष्ट्रीय स्तरावरील वेग याहून अधिक असतो. बॅटरच्या बॅटची कड लागून चेंडूची दिशा अखेरच्या क्षणी बदलली, म्हणजे ‘फाऊल टिप’ झाली, तर हात मागे घेण्यास वेळच उरत नाही.

१९६५ मध्ये मेलबर्न येथे महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९७२ च्या अमेरिकन कायद्याने शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई केल्यानंतर तेथे मुलींच्या सॉफ्टबॉलचा मोठा विस्तार झाला. १९९६ ते २००८ या काळात चार ऑलिंपिकमध्ये आणि पुढे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला सॉफ्टबॉलचा समावेश होता. विस्तारासोबत या खेळातील कॅचरचे वय खाली आले. ज्या हाडांची वाढ अद्याप पूर्ण झालेली नाही अशा हातांवर हा भार पडू लागला, ही बाब वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची आहे.

३. ‘मुरगळ’ ते निदान :

बोटाच्या टोकावर चेंडू आदळून शेवटचे पेर खाली झुकणे आणि ते स्वतःहून सरळ करता न येणे, ही दुखापत वैद्यकात ‘मॅलेट फिंगर’ म्हणून ओळखली जाते. तिचे दुसरे प्रचलित नाव ‘बेसबॉल फिंगर’ असे आहे. यात पेर सरळ करणारी कंडरा तुटते किंवा हाडाचा लहान तुकडा घेऊन सुटते. मैदानावरील जुना उपाय म्हणजे बोट ओढून सरळ करणे, पट्टी बांधणे आणि खेळ चालू ठेवणे. आपल्याकडेही अशा बोटाला ‘मुरगळले’ म्हणून चोळण्याची किंवा हाडवैद्याकडून ओढून घेण्याची रीत अपरिचित नाही.

१८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर मुरगळ आणि अस्थिभंग यांतील फरक प्रत्यक्ष पाहता येऊ लागला. तथापि क्ष-किरणात हाड दिसते; अस्थिबंध व कंडरा दिसत नाहीत. त्यांचे ज्ञान शस्त्रक्रिया आणि बारकाईच्या तपासणीतून हळूहळू आले. १९५५ मध्ये कॅम्बेल यांनी स्कॉटलंडमधील शिकारराखणदारांच्या अंगठ्याच्या तळाशी असलेला अस्थिबंध सैल होत असल्याचे दाखवले. सशांची मान मोडण्याच्या त्यांच्या रोजच्या कामामुळे हे घडे. १९६२ मध्ये स्वीडनचे बर्टिल स्टेनर यांनी एक महत्त्वाची बाब स्पष्ट केली : हा अस्थिबंध पूर्ण तुटल्यास त्याचे टोक कधी कधी शेजारच्या पडद्याबाहेर अडकते आणि मग कितीही विश्रांती दिली तरी ते आपोआप जुळत नाही. मिटमधील अंगठा चेंडूच्या धक्क्याने बाहेर किंवा मागे लोटला गेल्यास कॅचरलाही हीच इजा होऊ शकते. वरवर मुरगळ वाटणाऱ्या अंगठ्यास शस्त्रक्रिया लागू शकते, हे ज्ञान अशा प्रकारे क्रीडांगणाबाहेरून आले.

तरुण खेळाडूंच्या संदर्भात आणखी दोन टप्पे उल्लेखनीय आहेत. १९६३ मध्ये टोरांटो येथील सॉल्टर व हॅरिस यांनी हाडांच्या वाढीच्या कूर्चेजवळील अस्थिभंगांचे वर्गीकरण मांडले. १९६६ मध्ये सेमूर यांनी मुलांच्या शेवटच्या पेरातील एका विशिष्ट अस्थिभंगाचे वर्णन केले. तो दिसायला मॅलेट फिंगरसारखाच असतो. परंतु त्यात नखाचे मूळ जागेवरून सरकलेले असते आणि नखाखालील जखमेमुळे हाडात जंतुसंसर्गाचा धोका असतो. तेव्हा प्रौढ खेळाडूच्या बोटावर जो उपाय पुरेसा आहे, तोच चौदा वर्षांच्या कॅचरच्या बोटावर पुरेसा असेल असे गृहीत धरता येत नाही.

४. हस्तशल्यचिकित्सा आणि हस्तोपचार :

हाताच्या उपचारांना स्वतंत्र शाखेचे रूप दुसऱ्या महायुद्धाने दिले. स्टर्लिंग बनेल यांचा हस्तशल्यचिकित्सेवरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकन सैन्यातील जखमींसाठी नऊ हस्तोपचार केंद्रे उभी राहिली आणि १९४६ मध्ये या विषयाच्या शल्यचिकित्सकांची संघटना स्थापन झाली. जखम भरणे आणि हात पुन्हा कामाचा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या शाखेचा पाया होय.

या विचाराच्या घडणीत भारताचाही वाटा आहे. तमिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कुष्ठरुग्णांच्या हातांवर कंडरा-स्थलांतराच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. शस्त्रक्रियेनंतर स्नायूला नवे काम शिकवण्यासाठी व्यायाम, स्प्लिंट व टप्प्याटप्प्याने बदलले जाणारे प्लास्टर यांचा शिस्तबद्ध वापर त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना जाणवत नसल्याने वारंवार होणाऱ्या इजांकडे दुर्लक्ष होते आणि त्यातून ती नष्ट होतात, ही त्यांची महत्त्वाची मांडणी होती. १९६० च्या दशकात ते अमेरिकेतील कार्व्हिल येथे गेले. तेथील त्यांचे कार्य अमेरिकेत १९७० च्या दशकात व्यवसाय म्हणून संघटित झालेल्या हस्तोपचाराच्या प्रवाहांपैकी एक ठरले.

ब्रँड यांच्या मांडणीचा कॅचरच्या इतिहासाशी असलेला संबंध सहज ध्यानात येतो. कुष्ठरुग्णाला वेदना जाणवत नाही. कॅचरला ती जाणवते, परंतु ती दडपण्याची शिकवण त्याला मिळालेली असते. हातावरील परिणामाच्या दृष्टीने या दोन अवस्थांत फार अंतर राहत नाही.

५. एका हाताने झेलण्याचे तंत्र आणि त्याची मर्यादा :

१९६० च्या दशकापर्यंत कॅचर दोन्ही हात चेंडूजवळ नेत असे. उघडा हात मिटमध्ये आलेला चेंडू झाकून धरी. फाऊल टिपमुळे त्याच हाताची बोटे मोडत. रँडी हंडली आणि सिनसिनाटी रेड्सचा जॉनी बेंच यांनी बिजागरीसारखी मिटणारी लवचिक मिट वापरून एका हाताने झेलण्याची पद्धत रूढ केली. १९६६ मध्ये कनिष्ठ स्तरावर खेळताना बेंचचा उजव्या हाताचा अंगठा फाऊल टिपने मोडला होता. पुढे तो उघडा हात पाठीमागे ठेवू लागला. जुन्या प्रशिक्षकांना ही पद्धत प्रारंभी निष्काळजीपणाची वाटली; आज सॉफ्टबॉलच्या प्राथमिक प्रशिक्षणात उघडा हात पाठीमागे किंवा घोट्यामागे ठेवण्यास शिकवले जाते.

तथापि या बदलाने सर्व भार मिटमधील हातावर गेला. १९७६ मध्ये लॉरी व सहकाऱ्यांनी वारंवारच्या आघातांमुळे बेसबॉल कॅचरच्या बोटांतील रक्तवाहिन्यांना इजा होते, असे दाखवले. २००५ मध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळाडूंवरील अभ्यासात कॅचरच्या मिटमधील हाताच्या, विशेषतः तर्जनीच्या, रक्ताभिसरणातील बदल नोंदवले गेले आणि प्रचलित मिट पुरेसे संरक्षण देत नसल्याचे मत मांडले गेले. बोट गार पडणे, बधिर होणे, पांढरे दिसणे ही लक्षणे मोडलेल्या हाडासारखी नजरेत भरत नाहीत. म्हणूनच ती खेळाडूने स्वतः सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

६. पुनर्वसनाची प्रचलित रीत :

साध्या मॅलेट फिंगरचा उपचार दिसायला सोपा आहे. शेवटचे पेर स्प्लिंटमध्ये सरळ ठेवून सहा ते आठ आठवडे सलग राखावे लागते. ब्रिटिश शल्यचिकित्सक ग्रॅहम स्टॅक यांच्या नावाने ओळखली जाणारी प्लास्टिकची स्प्लिंट यासाठी सर्वत्र परिचित आहे. अट एकच असते : या काळात पेर एकदाही वाकता कामा नये. स्नान करताना किंवा स्प्लिंट स्वच्छ करताना ते वाकले, तर मुदत बहुधा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावी लागते. मधले सांधे मात्र हलते ठेवावे लागतात, अन्यथा संपूर्ण बोट ताठर होते.

स्प्लिंट निघाल्यानंतरचा क्रम पुढीलप्रमाणे असतो : प्रथम वेदनारहित हालचाल, नंतर पकडीची ताकद, नंतर जवळच्या अंतरावर फेक, नंतर मऊ चेंडू झेलणे, पुढे सरावातील पिचिंग आणि अखेरीस सामना. पूर्वीच्या टप्प्यावर सूज किंवा वेदना वाढल्यास पुढचा टप्पा लांबवला जातो. दुखापत उघड्या हाताला आहे की मिटमधील हाताला, यावर तपशील बदलतात. पहिल्या प्रकारात फेक व पिचरला बोटांनी करायच्या खुणा यांवर, तर दुसऱ्यात झेलणे व बॅटची पकड यांवर मर्यादा येते.

या काळात तरुण कॅचरला मैदानापासून पूर्णपणे दूर ठेवणे हितावह नसते. डॉक्टरांच्या अनुमतीने पदन्यास व बैठकीचा सराव करता येतो. पिचरच्या सवयींची नोंद ठेवणे आणि राखीव बाकावरून पुढचा चेंडू कोणता असावा हे ठरवणे, ही कॅचरच्या बौद्धिक कामाची अंगे हात बांधलेला असतानाही शिकता येतात. संघातील स्थान शाबूत असल्याची जाणीव खेळाडूला धीर देते आणि स्प्लिंट लवकर काढण्याचा मोह कमी करते.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात :

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल शालेय व आंतरविद्यापीठ स्पर्धांतून खेळला जातो. राज्यात क्रीडा स्पर्धांतील सहभाग व यश यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. २००५ पासून शासकीय सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणाची तरतूद आहे. या धोरणांमुळे सामान्य कुटुंबांतील मुला-मुलींना खेळाकडे वळण्याचे बळ मिळाले, हे निर्विवाद आहे. परंतु त्यातूनच एक पेच उद्भवतो. एका स्पर्धेचे प्रमाणपत्र पुढील शिक्षणाशी किंवा नोकरीशी जोडलेले असेल, तर बोट दुखत असल्याचे सांगणे खेळाडूला महाग पडू शकते. एकोणिसाव्या शतकात कॅचर लोकलाजेस्तव वेदना लपवीत असे. आजच्या विद्यार्थी-कॅचरला ती लपवण्यास आर्थिक व शैक्षणिक कारण आहे.

येथे शारीरिक शिक्षण संचालक व प्राध्यापक यांची भूमिका निर्णायक ठरते. सहा ते आठ आठवड्यांचा उपचार आणि स्पर्धेची तारीख यांत संघर्ष आल्यास निर्णय सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूवर सोपवणे न्याय्य नाही. निकाल व प्रमाणपत्र यांचा मोह त्या वयात उपचाराच्या शिस्तीवर मात करण्याची शक्यता अधिक असते.

निष्कर्ष :

१. कॅचरच्या हाताची प्रमुख साधने जखमी खेळाडूंच्या गरजेतून निर्माण झाली आणि त्यांतील काहींना प्रारंभी उपहास किंवा अविश्वास सहन करावा लागला.

२. मुखवट्याने कॅचर बॅटरजवळ आला, मिटने वेगवान चेंडू झेलणे शक्य केले, एका हाताच्या तंत्राने मिटमधील हातावरील आघात वाढले. साधनांची प्रगती आणि हाताची सुरक्षितता या समानार्थी बाबी नाहीत.

३. निदान व पुनर्वसनाचे ज्ञान बहुतांशी युद्ध, कुष्ठरोग व अन्य व्यवसायांतील दुखापतींच्या अभ्यासातून आले. ते क्रीडांगणापर्यंत पोहोचवणे हे शिक्षणसंस्थांचे काम आहे.

४. वाढीच्या वयातील बोटाची दुखापत ‘मुरगळ’ समजून ओढू वा चोळू नये; क्ष-किरण तपासणी व तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक आहे.

५. तरुण कॅचरच्या बरे होण्यातील सर्वांत दुर्मीळ घटक वेळ हा आहे. स्प्लिंट स्वस्त असते, व्यायाम साधे असतात. परंतु संघातील जागा न गमावता थांबण्याची मुभा खेळाडू स्वतःला देऊ शकत नाही. ती त्याला संस्थेनेच दिली पाहिजे. डग अ‍ॅलिसनच्या हातमोज्यापासून आजच्या स्प्लिंटपर्यंतच्या इतिहासात साधने बदलली. वेदना सांगण्याची मोकळीक मात्र अद्याप पुरेशी रुजलेली नाही आणि ती रुजवणे हे पुनर्वसनाचे पहिले पाऊल होय.